दहा आकडी आहे, पण मोबाइल नंबर नाही

(या भागाची लिखित आवृत्ती. ऐकताना मोठे आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून ते इथे नीट लिहून ठेवलेत. कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, नाहीतर बिल्ड संपायची वाट बघत ऑफिसात बसला असाल, आजचा भाग कानात असू द्या. थोडं गणित आहे, पण पाचवी-सहावीच्या वरचं नाही.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. पहिलीच नोकरी, कंपनीचा जुना डेटाबेस हातात आलाय. तो म्हणतो, "दादा, लॉगिनच्या टेबलमध्ये 'आयपी' नावाचा कॉलम आहे आणि त्यात ३२३२२३५७७७ असं काहीतरी आहे. दहा आकडे आहेत म्हणजे मोबाइल नंबर असेल असं वाटलं, पण भारतात ३ ने सुरू होणारा मोबाइल नंबर कुठे असतो? डेटा करप्ट झालाय का?"

नाही रे बाबा. डेटा एकदम ठणठणीत आहे. तो आकडा म्हणजे १९२.१६८.१.१. तोच, जो राउटरचं पान उघडायला आपण टाइप करतो.

गंमत बघायची? तुमच्या घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर वायफायवर असताना फोनच्या ब्राउझरमध्ये 'एचटीटीपी', मग कोलन आणि दोन तिरक्या रेघा, आणि पुढे थेट ३२३२२३५७७७ टाका. राउटरचं लॉगिन पान उघडेल. काही राउटर १९२.१६८.०.१ वर असतात, त्यांच्यासाठी ३२३२२३५५२१. ब्राउझर हा आकडा बघतो, मनात रूपांतर करतो आणि जातो. कारण त्याच्या लेखी आयपी ॲड्रेस मुळात आकडाच आहे. टिंबं आपल्यासाठी आहेत, माणसांसाठी.

घड्याळाचं उदाहरण घेऊ. २ तास १५ मिनिटं २० सेकंद म्हणजे किती सेकंद? २ गुणिले ३६००, अधिक १५ गुणिले ६०, अधिक २०. झाले ८१२०. आता कुणी तुम्हाला "पिक्चर ८१२० सेकंदांचा आहे" असं सांगितलं तर तुम्ही त्याच्याकडे विचित्र नजरेने बघाल, पण आकडा बरोबरच आहे. घड्याळात ६० चे टप्पे, आयपीत २५६ चे. एवढाच फरक.

आयपीची चौथी आवृत्ती, आयपीव्ही४, १९८१ सालची. पत्ता ३२ बिटांचा. त्याचे ८-८ बिटांचे चार तुकडे, आणि ८ बिटांत ० ते २५५ मावतात. म्हणून १९२.१६८.१.१ चा हिशोब असा:

१९२ गुणिले १,६७,७७,२१६ म्हणजे ३,२२,१२,२५,४७२.
१६८ गुणिले ६५,५३६ म्हणजे १,१०,१०,०४८.
१ गुणिले २५६ म्हणजे २५६.
आणि शेवटचा १.
बेरीज ३,२३,२२,३५,७७७.

उलटं यायचं असेल तर २५६ ने भागत जा आणि बाकी लिहीत जा. ३२३२२३५७७७ ला भागलं, बाकी १. भागाकार १२६२५९२१, त्याला भागलं, बाकी पुन्हा १. भागाकार ४९३२०, त्याला भागलं, बाकी १६८. उरले १९२. खालून वर वाचा. झाला पत्ता तयार. फोनच्या कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघा, आयुष्यात पुन्हा विसरणार नाही.

मायएसक्यूएलमध्ये हे हाताने करावं लागत नाही. 'इनेट_एटॉन' फंक्शनला पत्ता द्या, आकडा मिळतो. 'इनेट_एनटोआ'ला आकडा द्या, पत्ता मिळतो. नावं लक्षात राहत नाहीत ना? ए टू एन, म्हणजे ॲड्रेसकडून नंबरकडे. एन टू ए, नंबरकडून ॲड्रेसकडे. मी असंच पाठ केलंय.

आता खरा प्रश्न. एवढा खटाटोप कशाला? सरळ मजकूर म्हणून ठेवला तर काय बिघडलं? डोळ्यांना दिसतोही छान.

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर "जागा वाचते" असं मिळतं. खरं आहे, आकड्याला ४ बाइट लागतात आणि मजकुराला १६ पर्यंत. पण मला हे कारण फार मोठं वाटत नाही. डिस्क स्वस्त झाली. मोठं कारण वेगळं आहे. मजकूर म्हणून ठेवलेल्या पत्त्यांची तुलना चुकीची होते, आणि ती चूक कुणाच्या लक्षात येत नाही. एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही. फक्त उत्तर चुकीचं.

फोनमधल्या फाइल्स नावाने लावल्या की काय होतं आठवा. 'गाणं १', त्यानंतर 'गाणं १०', 'गाणं ११', मग कुठेतरी खाली 'गाणं २'. डिक्शनरीचा क्रम आहे तो. डेटाबेसही मजकुराला तसंच लावतो.

समजा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये १९२.१६८.१.१० पासून १९२.१६८.१.५० पर्यंतची मशीन्स ब्लॉक करायची आहेत. ४१ मशीन्स. तुम्ही 'बिट्वीन' लावून क्वेरी लिहिली, कॉलम मजकुराचा. १० ते ५० बरोबर आले. मग चाचणीत काय दिसणार? सगळं चाललंय. आता १९२.१६८.१.५ चं बघा. अक्षरांच्या क्रमाने '५' हे '१०' च्या नंतर येतं आणि '५०' च्या आधी. म्हणजे तेही ब्लॉक. २, ३, ४ सुद्धा. आणि १००? '१००' हे '१०' च्या नंतर, आणि '५०' च्या आधी, कारण पहिलं अक्षर १ आहे. म्हणून १०० ते २५५ सगळे ब्लॉक. हिशोब करा: ४१ जणांना थांबवायचं होतं, सोबत आणखी १६० पत्ते फुकटात अडकले. आणि ६ ते ९ किंवा ५१ ते ९९ मोकळे आहेत, त्यामुळे "कुणाकुणाचंच का चालत नाहीये?" हे कोडं सोडवण्यात अख्खा दिवस जातो.

'लाइक' वापरणाऱ्यांचंही तेच. १९२.१६८.१ आणि पुढे टक्क्याचं चिन्ह लिहिलंत की १९२.१६८.१० वालेही येतात आणि १९२.१६८.१०० वालेही. शेवटचं टिंब विसरलं की गेलं.

आकडा असेल तर हे प्रश्नच उरत नाहीत. मोठा तो मोठा, लहान तो लहान.

पण थांबा, आकड्यात ठेवलं की सुटलो असंही नाही. माझ्या एका मित्राने सांगितलेली गोष्ट. नाव-गाव राहू दे. एका प्रवेश-अर्जाच्या साइटवर तो काम करायचा. जुना सर्व्हर, जुनं मायएसक्यूएल. कुणीतरी पूर्वी आयपीचा कॉलम साधा 'इंट' ठेवलेला. साधा म्हणजे ऋण आकडेही चालणारा. त्यात जास्तीत जास्त मावतो २१४७४८३६४७. हा आकडा पत्त्यात बदलला की येतो १२७.२५५.२५५.२५५. म्हणजे १२८ पासून पुढचे सगळे पत्ते, जगातले निम्मे, त्या कॉलममध्ये मावतच नाहीत.

आता कडक मोड चालू असेल तर मायएसक्यूएल सरळ एरर देतं, आणि ५.७ पासून तो मोड आपोआप चालू असतो. पण त्या जुन्या सर्व्हरवर तो बंद होता. मग मायएसक्यूएल काय करतं? न मावणारा आकडा कापून जो सर्वांत मोठा मावतो तो ठेवतं. गुपचूप. ४९, १०३, ११७ ने सुरू होणारे पत्ते नीट जायचे. १५७, १८२, २२३ ने सुरू होणारे सगळे १२७.२५५.२५५.२५५ होऊन बसायचे. वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट वापरणारी पोरं, डेटाबेसच्या लेखी एकच माणूस.

त्या साइटवर नियम होता की एका आयपीवरून काही वेळा चुकीचा पासवर्ड पडला की तो आयपी तासभर बंद. एरवी कुणाला जाणवलं नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी गर्दी झाली, पासवर्ड विसरणारेही वाढले, आणि त्या सगळ्या पत्त्यांची दारं एकदम बंद. एका मुलीने लातुरात पासवर्ड चुकवला की नाशकातल्या मुलाला "खूप वेळा प्रयत्न केलात" असं दिसायचं. तो बिचारा पहिल्यांदाच आलेला. पोरं सायबर कॅफेत जाऊन बसली, पण कॅफेचा पत्ताही १५७ चाच असेल तर तिथेही तेच. फोन करून सांगायचं तर हेल्पलाइनवाले त्यांच्या मशीनवरून बघत होते आणि त्यांना साइट व्यवस्थित चालताना दिसत होती. संध्याकाळी कुणीतरी टेबल उघडून पत्ते मोजले तेव्हा एकाच पत्त्यावर हजारो रांगा दिसल्या. मुदत वाढवली गेली म्हणून बरं.

एक शब्द लिहायचा राहिला होता. 'इंट'पुढे 'अनसाइन्ड'. तेवढा असता तर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत सगळं मावतं, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५ पर्यंत. बास.

जावा किंवा कॉटलिनवाल्यांनो, तुमचा 'इंट'ही असाच आहे. तिथे कापत नाही, उलटतं. १९२.१६८.१.१ चं -१०६२७३१५१९ होतं. लॉगमध्ये ऋण आयपी दिसला तर घाबरू नका, त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळवा, खरा आकडा परत येतो. नाहीतर आधीच 'लाँग' वापरा.

अँड्रॉइडवाल्यांसाठी अजून एक, पटकन सांगतो. 'वायफायइन्फो'मधला 'गेटआयपीॲड्रेस' हा जुना मेथड आता डेप्रिकेटेड आहे, पण जुन्या ॲप्समध्ये अजून सापडतो. तो आकडा देतो, पण बाइट्स उलट्या क्रमाने. फोनचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल तर हातात येतो ८३९९४८१६. तो तसाच सर्व्हरला पाठवून तिथे 'इनेट_एनटोआ' केलं की ५.१.१६८.१९२ असा पत्ता छापला जातो. दिसायला अगदी खरा वाटतो, हीच पंचाईत. कुणी विचारलं की "आपले युजर परदेशातून का येतायत?" तर आधी हे तपासा.

बरं, क्वेरी लिहिताना एक सवय लावून घ्या. रूपांतर कॉलमवर करू नका, तुलना ज्याच्याशी करताय त्या किमतीवर करा. कॉलमच्या भोवती फंक्शन गुंडाळलं की साधा इंडेक्स वापरता येत नाही. मग एक कोटी रांगा असतील तर प्रत्येक रांगेचं रूपांतर होतं आणि क्वेरी चहा पिऊन येईपर्यंत फिरत राहते. कॉलम आकड्याचा, आणि 'बिट्वीन'च्या दोन्ही टोकांना 'इनेट_एटॉन'. दोनदाच रूपांतर, बाकी काम इंडेक्सचं.

माणसांना वाचायला पत्ता हवाच असतो, ते मान्य. सपोर्टच्या ताईला ३२३२२३५७७७ दाखवून उपयोग नाही. त्यासाठी मायएसक्यूएल ५.७ पासून जनरेटेड कॉलम आहे. आकड्याच्या कॉलमवरून वाचता येणारा पत्ता तो स्वतः बनवून दाखवतो, वेगळी जागाही घेत नाही. मला हा उपाय फार आवडतो.

पोस्टग्रेसवाले मनात हसत असतील, कारण त्यांच्याकडे 'इनेट' हा स्वतंत्र प्रकारच आहे. पत्ता टिंबांसकट लिहा, टिंबांसकट वाचा, आत तो नीट बाइट्समध्ये राहतो आणि तुलना बरोबर होते. "हा पत्ता या नेटवर्कमध्ये आहे का?" हे विचारायलाही वेगळं चिन्ह आहे. तर पोस्टग्रेसमध्ये असाल तर कृपा करून मायएसक्यूएलची नक्कल करत आकडे ठेवू नका. मारियाडीबीनेही १०.५ पासून 'इनेट६' आणि १०.१० पासून 'इनेट४' हे प्रकार दिलेत. फोनच्या ॲपमध्ये असतो तो एसक्यूलाइट. त्यात यातलं काहीच नाही, तिथे हाताने बिट सरकवावे लागतात. पण त्याचा पूर्णांक ६४ बिटांचा असल्यामुळे 'अनसाइन्ड'ची भानगड नाही.

आता इथपर्यंत ऐकून कुणी आजच 'इंट अनसाइन्ड'चा कॉलम बनवायला बसला असेल तर थांब मित्रा. नवीन टेबल असेल तर तो बनवू नकोस.

कारण आयपीव्ही६. तुमच्या हातातल्या फोनचं घ्या ना. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर 'माझा आयपी काय' असं शोधा, बऱ्याच जणांना कोलनवाला लांबलचक पत्ता दिसेल. चौथ्या आवृत्तीचे पत्ते संपत आले. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागात त्याच एप्रिलपासून रेशनिंग सुरू झालं. २०१६ नंतर आपल्याकडे फोरजीचा जो पूर आला तो बऱ्याच अंशी सहाव्या आवृत्तीवर आला, आणि आज तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. म्हणजे भारतातल्या मोबाइल युजरसाठी साइट बनवताय आणि कॉलममध्ये आयपीव्ही६ मावत नाही, हे चालणारच नाही.

हा पत्ता १२८ बिटांचा. कुठल्याही साध्या पूर्णांकात मावत नाही. मायएसक्यूएलमध्ये 'व्हारबायनरी १६' कॉलम घ्यायचा आणि 'इनेट६_एटॉन' व 'इनेट६_एनटोआ' वापरायचे. ही फंक्शन्स दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते घेतात. चौथीचे ४ बाइट, सहावीचे १६.

इथे मजकुराचा तोटा आणखी मोठा होतो. आयपीव्ही६ चा एकच पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. २००१:डीबी८::१ हा घ्या. मधली शून्यं गाळून असा लिहिता येतो, सगळी शून्यं भरून ३९ अक्षरांत लिहिता येतो, कॅपिटल अक्षरांत लिहिता येतो. पत्ता तोच. मजकुराचा कॉलम मात्र शून्यं गाळलेल्या आणि भरलेल्या रूपाला वेगवेगळं समजतो. लिहायची एक ठरावीक पद्धत २०१० मध्ये आरएफसी ५९५२ ने सांगितली, पण सगळे ती पाळतातच असं नाही. बायनरीत ठेवलं की वादच मिटतो. आणि कॉलम जुना 'व्हारचार १५' असेल आणि कडक मोड बंद असेल तर लांब पत्ता अर्धाच ठेवला जातो, म्हणजे उरतो तो काहीच नाही.

रूपांतराची अजून एक बाजू आहे, सुरक्षेची. २०२१ मध्ये 'नेटमास्क' नावाच्या एका खूप वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट पॅकेजमध्ये दोष सापडला. पत्त्याच्या तुकड्यापुढे शून्य लावलं तर जुन्या परंपरेने तो आकडा ऑक्टल, म्हणजे ८ च्या टप्प्यांचा धरतात. ०१२७.०.०.१ म्हणजे खरं तर ८७.०.०.१. हे पॅकेज ते शून्य सोडून द्यायचं आणि १२७.०.०.१ समजायचं. एक प्रोग्राम म्हणतो पत्ता आतला, दुसरा म्हणतो बाहेरचा. हल्लेखोराला एवढी फट पुरते. त्याच वर्षी पायथनच्या 'आयपीॲड्रेस' मॉड्यूलमध्येही पुढच्या शून्याचाच घोळ दुरुस्त करावा लागला. म्हणून तपासणी करायची तर आधी रूपांतर करा, मग त्या आकड्यावर तपासा. मजकुरावर तपासून नंतर रूपांतर करणं म्हणजे तिकीट एकाचं बघायचं आणि गाडीत दुसऱ्याला बसवायचं.

आणि आकडा अगदी अचूक ठेवला तरी तो माणसाचा आकडा नसतो. २००७ ची घटना आहे. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बेंगळुरूमधल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. पुरावा काय, तर आयपी ॲड्रेस. इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यावरून दिलेली माहितीच चुकीची होती, माणूस वेगळाच होता. हे बाहेर येईपर्यंत त्याचे जवळपास ५० दिवस तुरुंगात गेले.

आज तर परिस्थिती अजून गुंतागुंतीची आहे. चौथ्या आवृत्तीचा एक पत्ता मोबाइल कंपन्या एकाच वेळी पुष्कळ लोकांमध्ये वाटतात. आतल्या बाजूला १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही खास राखून ठेवलेली पट्टी असते. आकड्यांत म्हणाल तर १६८१९१५९०४ ते १६८६११०२०७. तुमच्या टेबलमध्ये या पट्टीतला पत्ता ग्राहकाचा म्हणून आला असेल तर कुठेतरी हेडर वाचायला चुकलंय. बाहेर दिसतो तो सामायिक पत्ता, त्यावरून माणूस शोधायचा तर नेमकी वेळ आणि सोर्स पोर्टही लागतो. म्हणून आयपीच्या शेजारी पोर्टचा कॉलम ठेवा, आणि वेळ यूटीसीमध्ये ठेवा, सकाळ-संध्याकाळचा घोळ नको. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सर्व्हरचं घड्याळही जुळवून ठेवायचं असतं. कुणीतरी उद्या त्या रांगेवरून कुणाच्या तरी घरी जाऊ शकतं, हे डोक्यात ठेवून टेबल बनवा.

जुनं मजकुराचं टेबल बदलायचं असेल तर थेट कॉलमचा प्रकार बदलू नका. नवा 'व्हारबायनरी १६' कॉलम जोडा. आधी 'इज_आयपीव्ही४' आणि 'इज_आयपीव्ही६' लावून बघा, दोन्हींत न बसणाऱ्या रांगा किती आहेत. हमखास सापडतील. कुठे 'अननोन' लिहिलेलं, कुठे नुसतं डॅश, कुठे पत्त्यापुढे स्पेस, आणि प्रॉक्सीच्या मागे असाल तर स्वल्पविराम देऊन दोन-तीन पत्ते एकाच चौकटीत. त्या रांगांचं काय करायचं ते माणसाने ठरवायचं, स्क्रिप्टने नाही. उरलेल्या थोड्या-थोड्या करून भरा, मग नव्या कॉलमवरून पत्ता परत बनवून जुन्याशी ताडून बघा. आयपीव्ही६ मध्ये लिहिण्याच्या पद्धतीमुळे फरक दिसतील, ते चालेल. आयपीव्ही४ मध्ये एकही फरक दिसता कामा नये. दोन्ही कॉलम महिनाभर सोबत राहू द्या, मग जुना काढा.

आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्यासाठी: तुझा कॉलम 'अनसाइन्ड' आहे का ते 'शो क्रिएट टेबल' करून आजच बघ, आणि मला कळव. पुढच्या भागात तारखा आणि टाइमझोन घेऊ, त्यावरही बरेच प्रश्न साचलेत. चला, भेटू.